कमोडची गळती: पाणी कधी येतं ते आधी बघा, पाना नंतर उचला

संडासातल्या गळतीवर सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात ते चुकीच्या जागी केलेल्या दुरुस्तीत. टाकीतला वॉशर गेलेला असतो आणि बदलला जातो बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह. जेटचा (धुण्यासाठीच्या हातफवाऱ्याचा) पाइप थेंबथेंब गळत असतो आणि फोडली जाते फरशी. पाणी कुठे दिसतं यावर फार विसंबू नका, कारण ते उतार बघून वाहतं आणि गळतीपासून दोन फूट लांबही साठतं. ते कधी येतं हे बघा. बहुतेक निदान तिथेच होतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

लक्षणं

फ्लश केलेला नसतानाही भांड्याच्या मागच्या बाजूने बारीक धार उतरते, किंवा रात्री टाकी आपोआप भरल्याचा आवाज येतो: दोष टाकीच्या आत आहे. फरशी ओली होत नाही, त्यामुळे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

कुणी संडासात गेलेलं नसलं तरी कमोडच्या मागे कायम ओल असते: दोष नळाच्या बाजूला आहे. अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा कॉक), कनेक्शन पाइप (तिथून टाकीपर्यंतचा लवचिक पाइप) किंवा जेट. या तिन्हींत चोवीस तास दाबाखालचं पाणी असतं, म्हणून गळतीला वेळकाळ नसतो.

फ्लश केल्यावरच पाणी दिसतं आणि थोड्या वेळाने थांबतं: दोष टाकी आणि भांडं यांच्यामधल्या जोडात किंवा भांड्याच्या मागच्या, मैल्याच्या पाइपच्या जोडात आहे. पाणी स्वच्छ असेल तर पहिला, घाण आणि वास असेल तर दुसरा.

कमोड वापरून काही होत नाही, पण आंघोळ झाली किंवा फरशी धुतली की खालच्या फ्लॅटच्या छतातून थेंब येतात: फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप (फरशीवरचं सांडपाणी जातं ते जाळीखालचं भांडं). कमोडला हात लावू नका.

तुमचे सगळे कॉक बंद, कुणी काही वापरलं नाही, तरी खाली गळतंच आहे, आणि वरच्या मजल्यावर वापर वाढला की जास्त गळतं: डक्टमधला (इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीतला) सामाईक पाइप.

आणखी एक, कमी आढळणारं. भांड्यात साठून राहणारं पाणी सकाळपर्यंत खाली गेलेलं असतं: भांड्याच्या ट्रॅपला (पाणी अडवून धरणाऱ्या वळणाला) केसाएवढा तडा, किंवा ट्रॅपच्या वळणात अडकलेलं कापड-केस, जे वातीसारखं पाणी पलीकडे ओढून नेतं. कापड निघालं तर ठीक. तडा असेल तर भांडं बदलणं हाच उपाय. एम-सील लावून महिनाभर निभावतं, पण भांड्याचा भरवसा राहत नाही.

जवळ काय हवं

अॅडजस्टेबल पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, कोरडी फडकी, वर्तमानपत्र, टिश्यू पेपर, नीळ आणि टॉर्च. नवे सुटे भाग आधीच आणून ठेवू नका. टाकीतले भाग कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात. जुना भाग हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर एका खेपेत काम होतं.

सुरू करण्याआधी टाकीच्या खालचा अँगल कॉक बंद होतो का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अनेकदा जाम असतो. जोर लावू नका. घराचा मुख्य व्हॉल्व्ह किंवा गच्चीवरच्या टाकीवरून येणारा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी शोधा. तो माहीत नसताना टाकीखालचा नट सोडवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

१. कागद आणि नीळ

भांड्याची मागची आतली भिंत फडक्याने पूर्ण कोरडी करा आणि तिच्यावर टिश्यूची एक पट्टी चिकटवल्यासारखी ठेवा. अर्धा तास फ्लश करू नका. पट्टी वरून खाली भिजत आली तर टाकीतलं पाणी भांड्यात झिरपतंय.

खात्री हवी असेल तर टाकीचं झाकण काढून पाण्यात नीळेचे पाच-सहा थेंब टाका आणि पुन्हा अर्धा तास थांबा. भांड्यात निळी रेघ दिसली की विषय संपला. बघून झाल्यावर लगेच फ्लश करा म्हणजे डाग पडत नाही. हीच निळाई फरशीवर उतरली तर टाकीचं पाणी बाहेरही गळतंय, आणि फरशीवरचं पाणी पांढरंच राहिलं तर ते टाकीतलं नाही, नळाच्या बाजूचं आहे.

बारीक धारेकडे दुर्लक्ष का करू नये, त्याचा हिशेब सोपा आहे. ज्या धारेखाली २०० मिलीचा पेला दोन मिनिटांत भरतो, तिच्यातून तासाला ६ लिटर आणि दिवसाला १४४ लिटर पाणी जातं. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हे पाणी सगळ्यांच्या बिलात येतं.

२. झाकण काढून ठेवल्यावर गळती थांबते का?

ही तपासणी बहुतेक जण वगळतात आणि नाहक वॉशर बदलत बसतात. दोन बटणांच्या टाकीत, म्हणजे ३ आणि ६ लिटरच्या ड्युअल फ्लशमध्ये, झाकणातल्या बटणाखाली एक-दोन प्लास्टिकच्या दांड्या असतात. बटण दाबलं की त्या खालच्या फ्लश व्हॉल्व्हला, म्हणजे टाकीतलं पाणी भांड्यात सोडणाऱ्या झडपेला, ढकलतात. दांडी एखाद-दोन मिलिमीटर लांब राहिली, किंवा झाकण बसवताना वाकडी टेकली, तर बटण न दाबताही व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो.

झाकण काढून बाजूला ठेवा, एकदा हाताने फ्लश करा, टाकी भरू द्या आणि धार बघा. झाकण नसताना धार थांबली आणि बसवल्यावर परत सुरू झाली, तर दोष दांडीचा. बहुतेक दांड्यांना आटे असतात. दोन-तीन आटे आत फिरवून बटणाला किंचित ढिलाई ठेवा. बटण दाबलेलंच अडकून राहत असेल तर झाकणातलं बटण काढून टूथब्रशने घासा. साबण आणि क्षार साठून ते आत चिकटतं.

सिरॅमिकचं झाकण मात्र जपून. ते जमिनीवर जाड फडक्यावर आडवं ठेवा. भांड्याच्या कडेवर टेकवून ठेवलेली झाकणंच फुटतात, आणि सुटं झाकण सहसा मिळत नाही.

३. पेन्सिलची खूण

टाकी पूर्ण भरू द्या. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने रेघ मारा, अँगल कॉक बंद करा आणि दोन-तीन तास, जमलं तर रात्रभर, टाकीला हात लावू नका.

पाणी रेघेवरच आहे, पण कॉक उघडल्यावर भांड्यात धार सुरू होते: पाणी ओव्हरफ्लो नळीतून (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या नळीतून) जातंय, म्हणजे भरणारा व्हॉल्व्ह (बॉलकॉक) बंद होत नाही.

पाणी तळापर्यंत उतरलं: फ्लश व्हॉल्व्हचा खालचा वॉशर किंवा त्याची बैठक (वॉशर टेकतो ती टाकीच्या तळाची कडा) खराब.

पाणी मधेच एका पातळीवर येऊन थांबलं: गळती बरोबर त्या उंचीवर आहे. तिथे टाकीला तडा, किंवा ओव्हरफ्लो नळीला चीर.

जुन्या, हँडल ओढायच्या सायफनच्या टाकीत तळाला उघडझाप करणारा व्हॉल्व्हच नसतो. तिच्यात भांड्यात सतत पाणी येत असेल तर ते जवळजवळ नेहमीच जादा भरल्यामुळे, म्हणजे बॉलकॉकमुळे. अशा टाकीचा सायफन बदलून गळती थांबत नाही.

४. बॉलकॉक बंद होत नाही

आधी पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून साधारण २५ मिलिमीटर खाली थांबायला हवं. टाकीच्या आत पातळीची रेघ कोरलेली असेल तर ती प्रमाण. पातळी वर असेल तर फ्लोटवरचा (पाण्यावर तरंगणाऱ्या भागावरचा) स्क्रू किंवा क्लिप फिरवून फ्लोट खाली घ्या. पितळी दांडीच्या जुन्या बॉलकॉकमध्ये दांडी हलकेच खाली वाकवली की पाणी लवकर थांबतं. पाणी वाचवायला पातळी फार उतरवू नका. एका फ्लशमध्ये भांडं साफ झालं नाही की लोक दोनदा फ्लश करतात.

फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा फ्लश व्हॉल्व्हला घासत तर नाही ना ते बघा. जुना, चेंडूसारखा फ्लोट असेल तर तो काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर फक्त चेंडू बदला.

फ्लोट हाताने वर उचलून धरला तरी पाणी चालूच असेल तर आत कचरा आहे. टँकरच्या पाण्यातली रेती, गच्चीवरची टाकी धुतल्यावर सुटलेला गाळ, पाइपातला गंज. यातला एक कण डायफ्रॅमखाली (व्हॉल्व्हमधल्या रबरी चकतीखाली) अडकला की पुरतो. म्हणून इमारतीची टाकी धुतल्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांत अनेक घरांत एकदमच ही तक्रार सुरू होते. तेव्हा नवा बॉलकॉक आणायला पळू नका, आधी धुवा.

कॉक बंद करा. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढा (बऱ्याच मॉडेलमध्ये पाव फेऱ्यात सुटते). आतली रबरी चकती काढून पाण्याखाली बोटाने चोळा. तिच्यावर खड्डा, चीर किंवा कडकपणा असेल तर ती बदला. चकती काढलेली असतानाच व्हॉल्व्हवर पेला उपडा धरा आणि अँगल कॉक चार-पाच सेकंद उघडा. पाण्याच्या जोराबरोबर आतली रेती बाहेर पडते. पेला धरला नाही तर छतापर्यंत आंघोळ होईल. मग चकती जशी होती तशीच, त्याच बाजूने बसवा.

बऱ्याच बॉलकॉकच्या खालच्या तोंडात, कनेक्शन पाइप जोडतो तिथे, छोटी जाळी असते. टाकी फारच हळू भरत असेल तर ती काढून धुवा. फेकून देऊ नका. तिच्यामुळेच मोठी रेती आत जात नाही.

रात्रीच टाकी वाहते आणि दिवसा नाही, असं असेल तर दाबाचा प्रश्न आहे. रात्री वापर कमी असतो, लाइनमधला दाब वाढतो आणि अर्धवट झिजलेली चकती तो पेलत नाही. प्रेशर पंप बसवलेल्या घरांतही हेच होतं. चकती बदला.

५. फ्लश व्हॉल्व्हचा वॉशर

पेन्सिलच्या खुणेने दोष इथला ठरला असेल तरच हे काम. कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी स्पंजाने टिपा. ओव्हरफ्लो नळीत खोचलेली बारीक नळी काढा. ड्युअल फ्लशचा मनोरा (टाकीत उभा असलेला फ्लश व्हॉल्व्ह) खालून धरून उलट दिशेला पाव फेरा द्या, तो बैठकीपासून सुटून वर येतो. न आल्यास ओढाताण करू नका. काही मॉडेलमध्ये बाजूला दाबायच्या दोन क्लिप असतात.

मनोऱ्याच्या तळाशी रबरी किंवा सिलिकॉनचा चपटा वॉशर दिसेल. बोट फिरवा. बोट काळं झालं तर रबर विरघळायला लागलंय, नवा आणा. कडेवर पांढरा खरखरीत थर असेल तर तो क्षार, जो बोअरच्या पाण्यात लवकर जमतो. वॉशर आणि टाकीतली बैठक दोन्ही व्हिनेगर किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, अर्धा तास थांबा आणि टूथब्रशने घासा. बैठक चाकूने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नका. एक ओरखडा पडला की नवा वॉशरही गळतो. संडास साफ करायचं अॅसिड टाकीत कधीही घालायचं नाही, ते रबर आणि पितळ दोन्ही खातं.

वॉशर मऊ असेल, पण एका बाजूला दाबाची खाच पडली असेल आणि तो दोन्हीकडून सारखाच असेल, तर उलटा करून बसवा. नवा मिळेपर्यंत काम चालतं. नवा घेताना बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी तिन्ही जुन्याशी जुळली पाहिजेत. "सगळ्याला बसतो" म्हणून विकले जाणारे वॉशर बऱ्याचदा जाड असतात, आणि मग मनोरा बैठकीत पूर्ण फिरत नाही.

टाकीत टाकायच्या निळ्या-पांढऱ्या वड्यांबद्दल: ब्लीच असलेली वडी टाकीत पडून राहिली की वॉशर आणि डायफ्रॅम वेळेआधी कडक होतात. भांड्याच्या कडेला अडकवायची जाळी वापरा.

भिंतीच्या आत लपवलेल्या टाकीत हेच भाग बटणाच्या पट्टीमागच्या छोट्या खिडकीतून काढायचे असतात. आत स्वतंत्र छोटा कॉक असतो. माहितीपुस्तिका हातात असेल तर वॉशर धुण्यापर्यंत ठीक. त्यापलीकडे कंपनीचाच माणूस बोलवा, कारण आत तुटलेली क्लिप काढायला भिंत फोडावी लागू शकते.

६. कमोडच्या मागची कायमची ओल

कमोडच्या मागचा भाग, कॉक, पाइप, टाकीचा तळ सगळं कोरडं पुसा. प्रत्येक जोडाला टिश्यूची गुंडाळी करून बांधा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि तासाभराने बघा. सगळ्यात वरचा जो टिश्यू भिजला, दोष तिथे. खालचे त्याच्यामुळे भिजलेले असतात.

टिश्यू सगळे सारखेच दमट आणि टाकीच्या पूर्ण पृष्ठभागावर बारीक थेंब असतील तर ती गळती नाही, टाकीला आलेला घाम आहे. दमट हवेत टाकीत थंड पाणी आलं की तो येतो. खिडकी उघडी ठेवा, एवढंच.

आधी संशय जेटवर घ्या. जेटचा कॉक लोक चोवीस तास उघडा ठेवतात, त्यामुळे लवचिक पाइप कायम फुगलेला राहतो. थेंब नळीवरून ओघळत कमोडच्या मागे पडतो आणि दिसताना वाटतं की भांडंच बुडातून गळतंय. जेटचा कॉक रात्रभर बंद ठेवा. सकाळी फरशी कोरडी असेल तर बाकी काही उघडायची गरजच नाही. वापर झाला की कॉक बंद, ही सवय लागली तर नळीही टिकते.

अँगल कॉक तीन जागी गळतो. हँडलच्या मुळाशी गळत असेल आणि तिथे नट असेल तर तो पाव फेरा आवळा. न थांबल्यास कॉक बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका. कनेक्शन पाइपच्या नटाशी गळत असेल तर नट सोडवून आतला रबरी वॉशर बघा. या जोडाला वॉशरच पाणी धरतो. आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळल्याने गळती थांबत नाही, उलट नट वाकडा चढतो. हाताने घट्ट, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस. पाइपच्या जाळीवर गंज किंवा फुगवटा दिसला की पाइप बदला. लांबी थोडी जास्त घ्या, १८ इंची पाइप ताणून बसवण्यापेक्षा २४ इंची सैल वळवलेला बरा. ताणलेला पाइप नटाच्या मानेत चिरतो.

तिसरी जागा भिंतीतला आटा. इथे मात्र टेफ्लॉन हवा. कॉकच्या आट्यांवर टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, ताणून, १० ते १२ फेरे. उलट गुंडाळलं तर आवळताना टेप सुटून येतो. पण हे काम करण्याआधी थांबून विचार करा. भिंतीत सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप असेल तर जोर लावल्यावर आतला एल्बो (वळणाचा जोड) फिरतो किंवा तडकतो. जुन्या लोखंडी लाइनमध्ये गंजलेला आटा भिंतीतच तुटून राहतो. दोन्ही वेळा टाइल फोडावी लागते. पान्याला साधा जोर लावून कॉक हलला नाही, तर प्लंबरला बोलवा.

टाकीच्या तळाशी, बॉलकॉकच्या नटातून पाणी येत असेल तर कनेक्शन पाइप आवळून उपयोग नाही. तिथला रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला असायला हवा, बाहेर फक्त प्लास्टिकचा नट. अनेक टाक्यांत तो उलटा बसवलेला सापडतो. नट आवळताना आतून बॉलकॉक हाताने धरून ठेवा, नाहीतर तो फिरून फ्लोट भिंतीला टेकेल आणि एक गळती बंद करताना दुसरी सुरू होईल.

७. फ्लश केल्यावरच येणारं पाणी

टाकीने फ्लश करण्याऐवजी बादलीतून ५-६ लिटर निळेचं पाणी थेट भांड्यात जोरात ओता. ओल आली तर दोष भांड्याच्या मागच्या जोडात. ओल नाही, पण टाकीने फ्लश केल्यावर आली, तर दोष टाकी आणि भांडं यांच्या मधे. या एका बादलीने अर्धं काम होतं.

टाकी भिंतीवर आणि खाली पांढरा वाकलेला पाइप असेल तर त्या पाइपचं वरचं नट आणि भांड्यात शिरतो तिथला रबर बघा. हा रबर कडक होऊन चिरतो. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतो. पाइप सरळ शिरला पाहिजे. तिरका बसवून वर पांढरं सिमेंट थापलेलं असेल तर तो जोड पुन्हा गळणार हे ठरलेलं.

टाकी भांड्यावरच बसवलेली असेल तर मधे जाड गॅस्केट आणि दोन-तीन बोल्ट असतात. बोल्ट आळीपाळीने, एका वेळी अर्धा फेरा आवळा. टाकी हलायची थांबली की थांबा. सिरॅमिक आवाज न करता तडकतं आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. आवळून थांबलं नाही तर टाकी उतरवून गॅस्केट आणि बोल्टचे वॉशर बदलावे लागतात. दोघांनी धरून हे घरी जमतं. बोल्ट स्टेनलेस किंवा पितळी घ्या.

मागच्या जोडातून घाण पाणी येत असेल तर हातमोजे घाला, जागा फिनाइलने पुसा आणि प्लंबरला बोलवा. भांडं पुढे सरकवून ११० मिलिमीटरचा रबरी पॅन कनेक्टर नव्याने बसवावा लागतो, आणि भांडं परत सरळ बसवणं हे हाताच्या सवयीचं काम आहे. त्याला सिमेंटऐवजी कनेक्टरच लावायला सांगा. भांडं थोडं हलतंच आणि सिमेंटचा जोड तेवढ्याने तडकतो.

भांडं डुगडुगतं का हेही बघा. हलत असेल तर जमिनीतले स्क्रू आवळा. बुडाभोवती सिलिकॉन भरताना मागे दोन इंच जागा मोकळी सोडा. पूर्ण बंद केलंत तर पुढची गळती तुम्हाला दिसणार नाही, थेट खालच्यांना दिसेल.

देशी पॅनमध्ये हा जोड फरशीखाली असतो. बादलीच्या पाण्याने खाली गळती दिसली तर वरून करण्यासारखं काही नाही.

८. फरशी आणि नहाणी

हे शेवटी, कारण खर्च इथेच आहे. आधी नहाणी ट्रॅपची जाळी काढून ट्रॅपच्या कडेचं सिमेंट बघा. पोकळ किंवा सुटलेलं असेल तर तिथून पाणी सरळ फरशीखाली जातं. मग टाइलच्या सांध्यांवरून स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवा. माल भुरभुरला तर तो खरवडून ईपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का माल) भरा. पांढरं सिमेंट भरलं तर वर्षभरात तेच काम परत.

खात्रीसाठी ट्रॅप प्लास्टिक आणि कापडाने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा. उंबरठा तेवढा उंच असेल तरच. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि त्यांच्या बाथरूमच्या छतात दिवा असेल तर त्याचा एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा स्विच) बंद करायला लावा. छतात आधीच पाणी दिसत असेल तर ही चाचणी करूच नका.

एक गोष्ट शेजाऱ्यांनाही समजावून सांगावी लागते. बहुतेक फ्लॅटमध्ये संडासाचा स्लॅब खोलगट असतो आणि तो विटांच्या तुकड्यांच्या भरावाने भरलेला असतो. या भरावात पाणी साठून राहतं. गळती बंद केल्यावरही खाली आठवडा-दोन आठवडे थेंब पडू शकतात. थेंब कमी होत जात असतील तर काम झालंय. दहा दिवसांनीही तेवढेच असतील तर दोष दुसरीकडे आहे.

इथे थांबा

भिंतीतला आटा हलत नाही. मैल्याचा पाइप गळतोय. भांड्याला किंवा टाकीला तडा आहे. फरशीखालचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग संशयित आहे. खालच्या छतातून पाणी विजेच्या दिव्यापाशी किंवा बोर्डापाशी येतंय (आधी वीज बंद, मग फोन). गळतीजवळचा स्लॅब फुगलाय, सळई दिसतेय. तिथे प्लंबरही नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा.

डक्टमधला पाइप असेल तर सोसायटीला लेखी कळवा, फोटो आणि गळतीच्या वेळा लिहून. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची सदस्याने स्वतःच्या खर्चाने. वर केलेल्या चाचण्यांची नोंद असेल तर समितीच्या बैठकीत वाद लवकर मिटतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

महिन्यातून एकदा सगळे अँगल कॉक पूर्ण बंद करून उघडा, म्हणजे ते जाम होत नाहीत. सहा महिन्यांतून एकदा नीळेची चाचणी. इमारतीची टाकी धुणार असतील त्या दिवशी कमोडचा कॉक बंद ठेवा. नंतर बाथरूमचा नळ सोडून पाणी स्वच्छ झालं की मग उघडा. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना कमोड आणि जेट दोन्हींचे कॉक बंद करून जा. कनेक्शन पाइप दर पाचेक वर्षांनी, गळायची वाट न बघता बदला.

दुरुस्तीनंतर जोड पुसून त्याला कोरडा टिश्यू बांधा आणि तो २४ तास तसाच राहू द्या. खालच्या छताला रंग लावायची घाई त्यांना करू देऊ नका. प्लास्टर पूर्ण वाळायला उन्हाळ्यातही काही आठवडे लागतात, आणि ओल्यावर लावलेला रंग पोपडे होऊन निघाला की गळती परत सुरू झाली म्हणून तुमचीच बेल वाजते.